केस, मीठ आणि बेदाण्याचं शेड: इन्स्पायर मानकच्या नामांकनापासून जिल्हा प्रदर्शनापर्यंत

शाळा सुरू होऊन महिना होत नाही तोच व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो: "इन्स्पायर अवॉर्ड मानकची नामांकने तातडीने भरावीत." विज्ञानाच्या शिक्षकाच्या पोटात गोळा येतो, कारण हे काम नेमकं कुठून सुरू करायचं ते त्या निरोपात नसतं. मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आमच्या एका विद्यार्थिनीबरोबर मी ही प्रक्रिया नामांकनापासून जिल्हा प्रदर्शनापर्यंत नुकतीच पूर्ण केली. मध्ये किती थांबावं लागतं, पैसे कुठे खर्च होतात, कागद कुठे अडतात हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

योजना थोडक्यात अशी. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या सोबतीने चालते. शाळेने आपल्या मुलांच्या पाच कल्पना पोर्टलवर पाठवायच्या. त्यातली एखादी निवडली गेली तर मॉडेल करण्यासाठी त्या मुलाच्या खात्यावर थेट १०,००० रुपये येतात. मग जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशी प्रदर्शनं होतात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसबाहेर एक खोकं ठेवलं आणि सहावी ते दहावीच्या मुलांना कल्पना लिहून टाकायला सांगितलं. पहिल्या दोन दिवसांत आल्या त्या चिठ्ठ्या सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या: भूकंपसूचक, आपोआप उघडणारी कचराकुंडी, पाऊस आला की वाजणारा अलार्म. यूट्यूबवर हे सगळं आहे, आणि तिथून उचललेल्या कल्पना निवडीत गळतात. मग मी प्रश्न बदलला. फळ्यावर लिहिलं, "तुमच्या घरात, रानात किंवा गल्लीत कोणतं काम करताना मोठी माणसं वैतागतात?" त्यानंतर खोक्यात वेगळ्याच चिठ्ठ्या यायला लागल्या. आठवीतल्या एका मुलीने लिहिलं होतं: "आमच्या शेडवर रात्री हवा दमट झालेली कळत नाही. सकाळी बेदाणा काळा पडायला लागतो. पप्पा रात्रभर उठून बघतात."

तिचे वडील एका बागायतदाराच्या बेदाणा शेडवर राखणीला असतात, आई तिथेच प्रतवारीला जाते. ज्यांनी शेड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात द्राक्षं बुडवून काढतात आणि जाळ्यांच्या कप्प्यांवर पसरतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि माल तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. उन्हापेक्षा कोरडा वारा महत्त्वाचा. मार्च-एप्रिलमध्ये ढगाळ हवा आली, वळीव झाला की अर्धवट वाळलेला माल उलट ओल धरतो, रंग जातो आणि सौद्यात दर पडतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचा रंग टिकतो तो अशा जागून काढलेल्या रात्रींवर.

मी तिला विचारलं, "हवा दमट झाली हे तुझ्या पप्पांना कशावरून कळतं?"

"हात लावून बघतात, मॅडम. आणि मम्मी म्हणते, माझी केसं चिकट लागायला लागली की समजायचं."

ते ऐकल्यावर मी तिला केसाच्या आर्द्रतामापकाबद्दल सांगितलं. माणसाचा केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत तो सुमारे अडीच टक्के वाढतो. जिनिव्हाच्या द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये यावर बेतलेलं उपकरण जगापुढे मांडलं, आणि पुढे कितीतरी वर्षं हवामान खात्यांत ते वापरात होतं. तिने वहीतच हिशोब केला: २४ सेंटिमीटरचा केस म्हणजे ६ मिलिमीटर फरक. "एवढंसंच?" म्हणाली. मग काटा लावून तो फरक दहापट कसा दाखवायचा, हे तिचं तिने शोधलं. तरफ आम्ही सातवीतच शिकवून झालेली होती.

ऑगस्ट गेला कच्चं मॉडेल करण्यात. प्लायची फळी, वर एक खिळा, खिळ्याला केस, केसाचं दुसरं टोक काट्याच्या आसाजवळ, आणि केस ताठ राहावा म्हणून काट्याला एक छोटा नट. आईने केस दिले खरे, पण आधी विचारलं, "कशाला पायजेत गं माझी केसं? कुणी करणी-बिरणी म्हणंल." मी घरी जाऊन समजावलं. ही भीती हसण्यावारी नेऊ नका. मुलीच्या घरी जाऊन, चहा घेऊन, उपकरण मांडून दाखवलं की विषय मिटतो आणि पुढे घरच्यांची मदतही होते. आमच्याकडे पुढे शेडवर परवानगी मिळवून दिली ती या आईनेच.

केसाला तेल असेल तर तो हवेतली ओल नीट घेत नाही. म्हणून आधी शाम्पूने धुवायचा, मग स्पिरिटच्या कापसाने पुसायचा आणि टोकं सोडून मध्ये बोट लावायचं नाही. हे करणाऱ्यांनी एकच केस न घेता तीन-चार केस शेजारी शेजारी ताणावेत. एखादा तुटला तरी उपकरण चालू राहतं.

आता कागदपत्रं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापक सरांनी पोर्टलवर शाळेचं लॉगिन उघडलं. शाळेची एकदाच करायची नोंदणी आधी झालेली होती, त्यामुळे ती पायरी वाचली. तुमची झाली नसेल तर यूडायस कोड (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) हाताशी ठेवून जुलैतच उरकून घ्या, कारण तिला जिल्ह्याची मान्यता लागते आणि शेवटच्या आठवड्यात सगळा जिल्हा तिथेच गर्दी करतो. विद्यार्थ्यासाठी लागतं ते नाव, जन्मतारीख, इयत्ता, प्रवर्ग, आधार, बँक खातं, आयएफएससी, मार्गदर्शक शिक्षकाचं नाव, कल्पनेचं शीर्षक, वर्णन आणि आकृती.

आमचं घोडं खात्यावर अडलं. मुलीचं खातं नव्हतंच. बँकेत गेलो तर तिथे आधी पालकांसोबतचंच खातं उघडा म्हणाले, दुसऱ्या दिवशी आणखी एक फॉर्म दिला, तिसऱ्यांदा सर्व्हर बंद. वडिलांचा रोज बुडत होता. शेवटी दुसऱ्या बँकेत विद्यार्थ्यांचं शून्य शिलकीचं खातं निघालं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या नावाचं खातं चालवता येतं, पण हे सगळ्याच काउंटरवर माहीत असेल असं धरून जाऊ नका. आणि एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: आधार, पासबुक आणि पोर्टल या तिन्ही ठिकाणी नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं हवं. तिच्या आधारवर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त होता. आधार दुरुस्त करायला तासगावला जाणं, रांग, मग काही दिवस वाट पाहणं. मुदत उलटतेय की काय या धाकधुकीत मला झोप लागत नव्हती. इतक्या चांगल्या कल्पनेला एका अक्षरासाठी मुकावं लागलं असतं, तर मी त्या मुलीला काय सांगितलं असतं?

वर्णन आम्ही मराठीतच लिहिलं. केसाचा आर्द्रतामापक जुना आहे हे पहिल्याच वाक्यात सरळ सांगितलं. आमचं नवं काय तर, तो बेदाणा शेडसाठी जुळवून घेणं, गावात मिळणाऱ्या मिठाने त्याची खूण ठरवणं आणि त्या खुणेवर काटा गेला की राखणदाराला उठवणारी बेल. मुलीची वाक्यं मी फार घासूनपुसून दिली नाहीत. शब्द तिचेच असावेत, कारण पुढे परीक्षकांसमोर तिलाच बोलायचं असतं. प्रस्ताव जिल्ह्याकडे पाठवला, पोर्टलवर पुढे गेल्याची नोंद दिसली, तिची प्रिंट काढून फाइलला लावली.

यानंतर सगळीकडे शांतता. निरोप नाही, फोन नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. बहुतेक शाळांत मुलांचा उत्साह इथेच संपतो. मला वाटतं, या योजनेतला खरा अभ्यास याच महिन्यांत करून घ्यायला हवा. निवड होवो न होवो, प्रश्न मुलीचा होता आणि द्राक्षं तर फेब्रुवारीत येणारच होती.

काटा हलत होता, पण कुठे किती टक्के हे कसं ठरवायचं? यासाठी महागडं काही लागत नाही. हवाबंद डब्यात मिठाचा ओलसर लगदा ठेवला, म्हणजे मीठ जास्त आणि पाणी जेमतेम, तर आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल त्या वाफेच्या मानाने असलेली वाफ, ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. आपल्याकडच्या तापमानात ती फारशी हलत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडचा असाच लगदा ठेवला तर ३३ टक्के. ते सांगलीत प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळालं. आणि ओल्या फडक्यात गुंडाळलं की जवळपास १००. फरसाणवाल्याकडून एक मोठी पारदर्शक बरणी आणली, उपकरण आत उभं केलं, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि रात्रभर प्रयोगशाळेत ठेवलं. सकाळच्या परिपाठाआधी ती पळत यायची आणि बरणी न उघडता बाहेरूनच खूण करायची.

एका सकाळी ती वही घेऊन माझ्याकडे आली, चेहरा पडलेला. "मॅडम, माझं चुकलंय. ३३ पासून ७५ पर्यंत काटा १९ मिलिमीटर सरकला आणि ७५ पासून १०० पर्यंत फक्त ७. एका टक्क्याला सारखंच सरकायला पाहिजे ना?" तिने भागाकारही केला होता: आधी टक्क्याला ०.४५, नंतर ०.२८. मी म्हटलं, परत कर. परत केलं, तरी जवळपास तेच आलं. मग सांगितलं की चुकलेलं नाही, केस असाच वागतो. कोरड्या बाजूला तो भराभर लांबतो, दमट बाजूला सावकाश. शिकवताना मी हे एका वाक्यात सांगून पुढे गेले असते आणि तिच्या कानावरून गेलं असतं. तिच्या वहीत ते तिच्याच आकड्यांतून आलं. त्या दिवशी ती मोजपट्टीवर सारखे भाग पाडायचं सोडून प्रत्येक खूण स्वतः मोजून करायला लागली.

बेल ७५ वर ठेवायची हेही त्यातूनच ठरलं. त्या पातळीला अर्धवट वाळलेला माल ओल धरायला लागतो हे एक कारण, आणि ती खूण कोणत्याही शेडवर मीठ आणि बरणी घेऊन पुन्हा तपासता येते हे दुसरं.

बेलचं मात्र सहज जमलं नाही. काट्याच्या टोकाची तांब्याची तार स्क्रूला नुसती टेकायची, दाब नाहीच, त्यामुळे बझर कधी वाजायचा, कधी नाही. तासगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी तिचं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि मध्ये एक ट्रान्झिस्टर टाकायला सांगितला, म्हणजे टेकणाऱ्या जागेतून अगदी थोडा प्रवाह गेला तरी बझर पूर्ण जोराने वाजतो. पैसे घेतले नाहीत. शाळेबाहेरच्या अशा माणसांकडे मुलांना घेऊन जा. मुलांचे प्रश्न ऐकायला त्यांना मनापासून आवडतं.

जानेवारीच्या अखेरीस यादी आली. मुख्याध्यापक सरांनी वर्गात येऊन सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त बाकाच्या कडेला बोट घासत राहिली. पाच नामांकनांपैकी तिचं एकटीचंच निवडलं गेलं होतं. बाकीच्या चौघांना मी त्याच दिवशी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं आणि त्यांचे प्रयोग शाळेच्या प्रदर्शनात मांडायचं ठरवलं. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाला त्यांनी ते मांडले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये याच तारखेला आपला शोध जाहीर केला होता, हे त्यांच्यातल्याच एकीने प्रास्ताविकात सांगितलं.

पैसे मात्र मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यावर जमा झाले. तोवर हंगाम अर्ध्यावर आला होता. तोपर्यंतचं सामान शाळेने आणि मी मिळून भागवलं. खर्च असा: फळी, पत्रा, स्क्रू मिळून साडेतीनशे, ट्रान्झिस्टर, बझर, बॅटरी दीडशेच्या आत, मॅग्नेशियम क्लोराइड आणि दोन थर्मामीटर पाचशेच्या आसपास, तुलनेसाठी विकतचा डिजिटल आर्द्रतामापक तीनशे. बाकी रक्कम दुसऱ्या आणि तिसऱ्या मॉडेलवर, तक्त्यांवर आणि सांगलीला जाण्यायेण्यावर गेली. प्रत्येक बिल तारखेसह वहीत चिकटवलं. पैसे मुलीच्या खात्यावर येतात, म्हणून घरी आधीच सांगून ठेवायला हवं की ही रक्कम मॉडेलसाठी आहे. तिच्या वडिलांनी पासबुक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, यातला एक रुपया आम्ही हलवत नाही." रोजंदारीवरच्या घरात या वाक्याला केवढी किंमत असते हे मला माहीत आहे.

फेब्रुवारीपासून उपकरण शेडवर होतं. मधल्या कप्प्याच्या उंचीला खांबावर बांधलं, कारण वरच्या पत्र्याखालची हवा आणि मालाजवळची हवा वेगळी असते. शेजारी दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाच्या बल्बला ओलं मलमल. कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमधला फरक कोष्टकात पाहिला की आर्द्रता मिळते. मार्चमधल्या एका दुपारी ३८ आणि २२ अंश होते, म्हणजे आर्द्रता २४ टक्क्यांच्या आसपास. वळवाआधीच्या एका संध्याकाळी ३२ आणि २६, म्हणजे साधारण ६२. त्या रात्री एकच्या सुमाराला बेल वाजली. वडिलांनी उठून वाऱ्याच्या बाजूचे पडदे सोडले. सकाळी ते स्वतः शाळेच्या फाटकाशी येऊन सांगून गेले. मी फार भारावले, पण मुलीला एवढंच म्हटलं की ही एक रात्र झाली, वहीत लिही आणि पुढच्या रात्री बघ. पुढे एकदा पाऊस नसतानाही बेल वाजली. कारण शोधलं तर खाली माल धुतल्याचं पाणी साचलं होतं. तेही तिने लिहिलं.

सुरक्षिततेबद्दल एक सक्त सूचना. मालाला गंधकाची धुरी देतात तेव्हा मुलांना शेडकडे फिरकू द्यायचं नाही. तो धूर श्वासाला घातक असतो. उपकरणही बाहेर काढून ठेवायचं, नाहीतर केस खराब होतो आणि खुणा चुकतात. आणि रात्रीची निरीक्षणं मोठ्यांनीच घ्यायची. मुलीने सकाळी त्यांच्याकडून आकडे उतरवून घेतले.

जिल्हा प्रदर्शन व्हायला ऑगस्ट उजाडला, तोवर ती नववीत गेली होती. दोन दिवस, सांगलीत. एसटीने मॉडेल नेताना केसाचं टोक सोडवून ठेवलं आणि तिथे पुन्हा बांधलं. बांधून बसणारं उपकरण नेणाऱ्यांनी दोन तास आधी पोचावं, जोडण्यात तेवढा वेळ जातोच. सोबत मिठाची बरणी, जास्तीचे केस, बॅटरी आणि छोटा स्क्रूड्रायव्हर. नोंदणीला शाळेचं ओळखपत्र आणि आधारची प्रत मागितली. जेवणाची सोय होती. पावसाळी हवेमुळे आमचा काटा सकाळपासून ७५ च्या पलीकडे होता आणि बेल थांबेना. तिने शांतपणे बॅटरी काढली आणि येईल त्याला म्हणाली, "आत्ता हवाच तेवढी दमट आहे."

परीक्षक नावीन्य, समाजाला उपयोग, वापरायला सोपं आहे का, पर्यावरणाला त्रास नाही ना आणि बाजारातल्या वस्तूपेक्षा वेगळं काय, हे बघतात. या पाच गोष्टींवर मुलाला आधी बोलायला लावा. आमच्या टेबलावर प्रश्न आला, "तीनशे रुपयांत डिजिटल मिळतं. मग हे कशाला?" ती म्हणाली, "सर, ते मी पण आणलंय, दोन्ही शेजारी ठेवून आकडे घेतलेत. आमच्या डिजिटलकडं बघायला रात्री कोणीतरी जागं पाहिजे. बेल झोपलेल्याला पण ऐकू येते." मग त्यांनी वही मागितली आणि बराच वेळ उभ्याने चाळली. शेवटी विचारलं, "केस किती दिवस टिकतो?" तिने सांगितलं, "एक हंगाम टिकला. पुढचा अजून बघितला नाही."

राज्यस्तरासाठी निवड झाली नाही. परतीच्या एसटीत ती थोडा वेळ गप्प होती, मग विचारलं, "मॅडम, डिजिटलवालाच घेऊन त्याला बेल लावली तर?" तसं करता येतं, आणि ते जास्त अचूक होईल, हे मी खरंखरं सांगितलं. त्यावर तिचं म्हणणं, मग केसवालं आणि तसलं, दोन्ही येत्या फेब्रुवारीत शेडवर लावू आणि कोणतं आधी वाजतं ते बघू. बागायतदारांनी दुसऱ्या शेडलाही एक लावायला परवानगी दिली आहे.

या वर्षीचं खोकं ऑफिसबाहेर ठेवलंय. या वेळी कल्पना निवडायच्या आधीच सहावी ते दहावीच्या प्रत्येक मुलाचं आधार आणि पासबुक आम्ही जनरल रजिस्टरशी, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदीच्या वहीशी, ताडून बघतोय. आतापर्यंत सापडलेल्या स्पेलिंगच्या चुकांची यादी पालकसभेत वाचून दाखवली, आणि आधार दुरुस्तीसाठी पुढच्या शनिवारी मुलांना एकत्रच तासगावला नेणार आहोत.